मिनिटाला चाळीस शब्द म्हणजे नेमके किती?

शासकीय नोकरभरतीच्या जाहिरातींमध्ये एक अट वर्षानुवर्षे फारसा बदल न होता छापली जाते. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला किमान ३० शब्द किंवा इंग्रजी टंकलेखनाचा वेग मिनिटाला किमान ४० शब्द असावा, अशी ती अट. महाराष्ट्रात या वेगाचे प्रमाणपत्र मिळविण्यासाठी दरवर्षी हजारो तरुण-तरुणी टायपिंग इन्स्टिट्यूटच्या पायऱ्या चढतात. शासकीय संगणक टंकलेखन प्रमाणपत्र परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते आणि तिचा निकाल अनेक घरांच्या भवितव्याशी जोडलेला असतो. मात्र ‘तीस शब्द’ किंवा ‘चाळीस शब्द’ म्हणजे नेमके काय, ते मोजतात कसे आणि त्यातून चुका वजा होतात कशा, याची स्पष्ट कल्पना परीक्षेला बसणाऱ्या अनेकांना नसते. केवळ हिशेबाची पद्धत ठाऊक नसल्याने चुकीच्या दिशेने सराव करणारे उमेदवार कमी नाहीत.

शब्द म्हणजे पाच ठोके

टंकलेखनातील ‘शब्द’ हा व्याकरणातील शब्द नव्हे. ते एक मोजमाप आहे. इंग्रजीत ‘आय’ हा सर्वनामाचा शब्द एका अक्षराचा, तर ‘इंटरनॅशनल’ हा शब्द तेरा अक्षरांचा. दोन्ही एकच शब्द म्हणून मोजले, तर सोपा उतारा मिळालेला उमेदवार नशीबवान ठरेल आणि कठीण उतारा मिळालेला मागे पडेल. हा अन्याय टाळण्यासाठी पाच ठोके म्हणजे एक शब्द, असे प्रमाण फार पूर्वी ठरविण्यात आले. ठोका म्हणजे एकदा कळ दाबणे. त्यात अक्षरे येतात, तशीच विरामचिन्हे आणि दोन शब्दांमधली मोकळी जागाही येते.

हे सूत्र केंद्र सरकारच्या कर्मचारी निवड आयोगाच्या नियमांतही दिसते. आयोगाच्या कौशल्य चाचणीत इंग्रजीसाठी मिनिटाला ३५ शब्द आणि हिंदीसाठी मिनिटाला ३० शब्द हा निकष असून, त्यांचे रूपांतर ताशी अनुक्रमे १०,५०० आणि ९,००० ठोके असे केलेले आहे. ३५ गुणिले ५ गुणिले ६० या गुणाकाराचे उत्तर १०,५०० येते, इतका तो सरळ हिशेब आहे. याच न्यायाने मिनिटाला ४० शब्द म्हणजे २०० ठोके. सेकंदाला तीनहून थोडे अधिक.

या पद्धतीने काढलेल्या वेगाला ‘ढोबळ वेग’ म्हणतात. एकूण ठोक्यांना पाचने भागायचे आणि आलेल्या संख्येला मिनिटांनी भागायचे. त्यात चूक आणि बरोबर असा भेद नसतो. डोळे मिटून कळफलकावर बोटे आपटणाऱ्यालाही उत्तम ढोबळ वेग मिळू शकतो. म्हणूनच त्यातून चुकांची वजाबाकी करून ‘निव्वळ वेग’ काढावा लागतो आणि खरा प्रश्न तिथे सुरू होतो.

चुकीची किंमत किती?

समजा, दहा मिनिटांच्या चाचणीत एका उमेदवाराने २,२५० ठोके दिले आणि त्यात २० चुका झाल्या. दुसऱ्याने २,००० ठोके दिले आणि ४ चुका केल्या. पहिल्याचा ढोबळ वेग मिनिटाला ४५ शब्द, दुसऱ्याचा ४०. आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या पद्धतीत प्रत्येक चुकीमागे एक शब्द वजा होतो. या हिशेबाने पहिल्याचा निव्वळ वेग ४३ आणि दुसऱ्याचा ३९.६ भरतो. पहिला उमेदवार पुढे राहतो.

आता नियम बदलून पाहू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत होणाऱ्या टंकलेखन स्पर्धांमध्ये प्रत्येक चुकीमागे दहा शब्द कापले जात. तो नियम लावला, तर पहिल्याच्या ४५० शब्दांतून २०० वजा होऊन त्याचा वेग २५ वर घसरतो. दुसऱ्याचे ४०० पैकी केवळ ४० शब्द जाऊन वेग ३६ उरतो. उमेदवार तेच, उतारा तोच आणि कागदावरील मजकूरही तोच. तरी क्रम उलटा झाला. वेग हा उमेदवाराच्या बोटांइतकाच परीक्षकाच्या नियमावरही अवलंबून असतो, तो असा.

अचूकतेच्या टक्केवारीतही हीच गंमत आहे. पहिल्या उमेदवाराच्या २० चुका २,२५० ठोक्यांशी ताडून पाहिल्या, तर अचूकता ९९.१ टक्के येते. त्याच चुका ४५० शब्दांशी ताडल्या, तर ती ९५.६ टक्क्यांवर येते. त्यामुळे ‘माझी अचूकता ९९ टक्के आहे’ हे विधान ठोक्यांवर काढले की शब्दांवर, हे कळल्याशिवाय त्याला फारसा अर्थ उरत नाही.

अनेक परीक्षांमध्ये चुकांची प्रतवारीही केली जाते. शब्द गाळणे, भलताच शब्द लिहिणे किंवा मूळ उताऱ्यात नसलेला शब्द घुसडणे ही पूर्ण चूक समजली जाते. दोन शब्दांमधील जागा कमी-जास्त होणे किंवा विरामचिन्ह हुकणे यांसारख्या बाबी अर्धी चूक म्हणून धरल्या जातात. कोणती चूक कोणत्या गटात मोडते, हे त्या-त्या परीक्षेच्या सूचनापत्रात दिलेले असते. उमेदवार मात्र नेमके तेच पान न वाचता पुढे जातात.

संगणक चूक शोधतो कसा?

टंकयंत्राच्या काळात परीक्षक लाल पेन घेऊन कागद तपासत असे. आता हे काम संगणक करतो. हे काम वाटते तितके सोपे नाही. मूळ उताऱ्यात ‘सरकारी’ असा शब्द आहे आणि उमेदवाराकडून पहिला ‘र’ निसटून ‘सकारी’ असे उमटले, असे समजू. संगणकाने पहिल्या चिन्हाशी पहिले, दुसऱ्याशी दुसरे अशी जुळवणी केली, तर ‘स’नंतरचे प्रत्येक चिन्ह एक घर मागे सरकलेले असल्याने पुढचा जवळपास सगळा उतारा चुकीचा ठरेल. एका अक्षराच्या चुकीसाठी उमेदवार शंभर टक्के नापास!

यावरचा उपाय व्लादिमिर लेव्हेनश्टाइन या सोव्हिएत गणितज्ञाने १९६५ मध्ये मांडलेल्या कल्पनेत सापडतो. एका मजकुराचे दुसऱ्या मजकुरात रूपांतर करण्यासाठी कमीत कमी किती दुरुस्त्या कराव्या लागतील, हे त्या पद्धतीने मोजता येते. एखादे चिन्ह घालणे, काढणे किंवा बदलणे ही प्रत्येकी एक दुरुस्ती. ‘सकारी’चे ‘सरकारी’ करायला एक ‘र’ घालावा लागतो, म्हणून अंतर एक आणि चूकही एकच. मजकूर भरण्याच्या पद्धतींवर संशोधन करणारे अभ्यासक चुका मोजण्यासाठी हीच रीत वापरतात.

अर्थात तिलाही मर्यादा आहेत. ‘कमल’ऐवजी ‘कलम’ टाइप झाले, तर बोटांची अदलाबदल एकदाच झालेली असते. पण दोन अक्षरे बदलावी लागत असल्याने या मोजणीत दोन चुका धरल्या जातात. शब्दांच्या हिशेबात तीच एक चूक होते. शिवाय ‘कलम’ हाही शुद्ध मराठी शब्द असल्याने शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणालीला त्यात काहीच वावगे दिसत नाही. टंकलेखकाच्या डोळ्यांना पर्याय नाही, तो येथे.

खोडण्याचा हिशेब

टंकयंत्रावर उमटलेले अक्षर पुसण्याची सोय नव्हती. कागदावर आलेली चूक कागदावरच राहत असे. संगणकात ‘बॅकस्पेस’ ही कळ आली आणि मोजमापाचे गणितच बदलले. दुरुस्त केलेली चूक अंतिम मजकुरात दिसत नाही. मग तिची नोंद घ्यायची की नाही? काही चाचण्यांमध्ये ही कळ बंद ठेवली जाते, काहींत तिचा वापर करू दिला जातो. दोन्हींतील निकालांची तुलना करणे योग्य ठरत नाही.

बॅकस्पेसची मुभा असली, तरी दुरुस्ती फुकट होत नाही. चूक तत्क्षणी लक्षात आली, तर एका ठोक्याच्या जागी तीन ठोके पडतात : चुकीची कळ, खोडण्याची कळ आणि योग्य कळ. सहा अक्षरे पुढे गेल्यावर ती ध्यानात आली, तर सात ठोके खोडण्याचे आणि सात पुन्हा लिहिण्याचे, असे चौदा ठोके अधिक द्यावे लागतात. मिनिटाला ४० शब्दांच्या वेगाने यात चार सेकंदांहून अधिक काळ जातो आणि मनाची लय मोडते ती वेगळीच. टायपिंग क्लासमधील जुने शिक्षक ‘आधी अचूकता, मग वेग’ असे सांगत. त्यामागे हा हिशेब होता.

देवनागरीचा पेच

पाच ठोक्यांचा शब्द हे प्रमाण इंग्रजीच्या अंगाने बेतलेले आहे. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे साधारणतः एक कळ. देवनागरीचा संसार निराळा. ‘विद्यार्थी’ या शब्दात डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात : वि, द्या आणि र्थी. संगणकाच्या लेखी मात्र त्यात व्यंजने, मात्रा आणि पाय मोडण्याचे हलन्त चिन्ह मिळून दहा चिन्हे असतात. ‘विद्यार्थ्यांच्या’ या एका शब्दाला तब्बल सतरा चिन्हे लागतात. पाचाच्या हिशेबाने तो एक शब्द जवळजवळ साडेतीन शब्दांइतका भरतो. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मूळ शब्दाला चिकटून येत असल्याने शब्द लांबतात, हे त्याचे आणखी एक कारण.

दोन उदाहरणे पाहू. ‘मी घरी आलो. आई घरी नव्हती.’ या सहा शब्दांना जागा आणि पूर्णविराम धरून २६ चिन्हे लागतात. ‘महाराष्ट्र शासनाच्या सर्व कार्यालयांमध्ये मराठीचा वापर अनिवार्य आहे.’ या आठ शब्दांच्या वाक्याला ६८ चिन्हे. छापील शब्द मोजून मिनिटाला ३० शब्द लिहायचे ठरविले, तर पहिल्या प्रकारच्या मजकुरासाठी १३० आणि दुसऱ्या प्रकारच्या मजकुरासाठी २५५ चिन्हे एका मिनिटात उमटवावी लागतील. म्हणजे जवळपास दुप्पट. कार्यालयीन मराठी ही दुसऱ्या प्रकारची असते, हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच मराठीची चाचणी ठोक्यांवर मोजली जाते की छापील शब्दांवर, हा प्रश्न उमेदवाराच्या दृष्टीने तांत्रिक राहत नाही.

त्यात भर पडते ती कळफलकांच्या विविधतेची. टंकयंत्रावरून संगणकावर आलेल्या रेमिंग्टन पद्धतीच्या मांडणीत ‘भ’, ‘श’, ‘ण’ यांसारखी अक्षरे आधी अर्धी काढून पुढे काना जोडावा लागतो. म्हणजे एका अक्षराला दोन ठोके. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते, कारण यंत्रावर कागद ज्या क्रमाने सरकत असे, त्याच क्रमाने चिन्हे उमटवावी लागत. भारतीय भाषांसाठी १९८६ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘इन्स्क्रिप्ट’ मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत आणि वेलांटी उच्चारानुसार व्यंजनानंतर दिली जाते. तेथे ‘भ’ एका कळीत येतो. शिवाय ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘त्र’ यांसारख्या जोडाक्षरांसाठी स्वतंत्र कळी असल्याने एका ठोक्यात तीन चिन्हेही उमटू शकतात. रोमन अक्षरांत लिहून देवनागरीत रूपांतर करणाऱ्या पद्धतीत तर अर्धा शब्द लिहिताच संपूर्ण शब्द सुचविला जातो. एकच उतारा या तीन मांडण्यांत तीन निरनिराळ्या ठोकेसंख्येत पूर्ण होतो. प्रत्यक्ष दाबलेल्या कळी मोजायच्या की उमटलेली चिन्हे, याचा निर्णय केल्याशिवाय या तिघांची तुलना होऊ शकत नाही.

दिसते तसे नसते

मराठीत आणखी एक अडचण संभवते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ‘ॲड’ या शब्दातील पहिले अक्षर ‘युनिकोड’ या संकेतप्रणालीत दोन प्रकारे लिहिता येते : त्यासाठी असलेले स्वतंत्र चिन्ह वापरून किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ती दोन भिन्न अक्षरे आहेत. ‘पुढाऱ्यांनी’ किंवा ‘दऱ्या’ या शब्दांतील ‘ऱ्या’चेही तसेच. तो एकाहून अधिक मार्गांनी साधता येतो. तपासणाऱ्या प्रणालीने या पर्यायांची आधीच एकवाक्यता केलेली नसेल, तर हुबेहूब दिसणारा शब्दही चूक म्हणून नोंदविला जाऊ शकतो. उलटपक्षी ‘दऱ्या’ऐवजी ‘दर्या’ उमटले, तर ती खरीच चूक. कारण डोंगरातील दऱ्यांचा तेथे समुद्र होतो.

वेगाची परंपरा

वेग मोजण्याचा हा छंद टंकयंत्राइतकाच जुना आहे. अमेरिकेतील सिनसिनाटी येथे २५ जुलै १८८८ रोजी फ्रँक मॅकगरिन आणि लुई ट्राउब यांच्यात झालेली लढत त्या काळी गाजली. मॅकगरिन कळफलकाकडे न पाहता सर्व बोटांनी टंकलेखन करीत असे. त्याच्या विजयाने ‘टच टायपिंग’ची, म्हणजे न पाहता टंकलेखनाची महती सर्वदूर पोहोचली. १९२३ मध्ये अल्बर्ट टँगोरा याने साध्या, हाताने चालणाऱ्या टंकयंत्रावर सलग एक तास मिनिटाला १४७ शब्दांचा वेग राखला. विजेच्या किंवा संगणकाच्या मदतीविना तासभर टिकविलेला हा वेग आजही थक्क करतो.

भारतात ‘गोदरेज’ने १९५५ मध्ये देशी बनावटीचे टंकयंत्र बाजारात आणले. कचेऱ्या, न्यायालयांची आवारे आणि गल्लीबोळांतील टायपिंग क्लास यांमध्ये पुढची अनेक दशके त्याचा खडखडाट ऐकू येत राहिला. कंपनीने २००९ मध्ये त्याचे उत्पादन थांबविले. यंत्र गेले, पण मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांचे निकष मात्र राहिले.

सर्वसामान्य माणसाचा वेग किती असतो, याचेही मोजमाप झाले आहे. फिनलंडमधील आल्टो विद्यापीठ आणि ब्रिटनमधील केंब्रिज विद्यापीठ येथील संशोधकांनी २०१८ मध्ये १ लाख ६८ हजार लोकांच्या १३ कोटी ६० लाख ठोक्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सरासरी वेग मिनिटाला ५२ शब्द आढळला. हे सारे स्वेच्छेने चाचणी देणारे आणि इंग्रजी उतारे उतरविणारे लोक होते, हे ध्यानात ठेवायला हवे. मात्र दोन निष्कर्ष सर्वांनाच उपयोगी आहेत. जलद टंकलेखन करणाऱ्यांच्या चुका संथ टंकलेखकांपेक्षा कमी होत्या. आणि वेगवान लोक पहिली कळ पूर्ण सुटण्याआधीच दुसरी दाबतात, असे दिसून आले. वेग आणि अचूकता हे एकमेकांचे वैरी आहेत, ही समजूत त्यामुळे खोटी ठरते. दोन्ही सरावातूनच वाढतात.

आपला वेग कसा तपासावा?

घरी सराव करणाऱ्यांनी काही पथ्ये पाळली, तर परीक्षेच्या दिवशी भ्रमनिरास टळू शकतो. एका मिनिटाच्या चाचणीवर विसंबू नये. मिनिटभर कोणीही वेगाने धावू शकतो. शिवाय एक मिनिटाच्या चाचणीत एका चुकीने निव्वळ वेग पूर्ण एका शब्दाने घटतो, तर दहा मिनिटांच्या चाचणीत एक दशांश शब्दाने. त्यामुळे छोट्या चाचणीचे आकडे बेभरवशाचे असतात. परीक्षेत जितका वेळ मिळणार आहे, तितक्याच वेळेची चाचणी घ्यावी.

उतारा दर वेळी नवा असावा. पाठ झालेला उतारा स्मरणशक्तीची परीक्षा घेतो, बोटांची नव्हे. उताऱ्यात जोडाक्षरे, आकडे, कंस आणि तारखा असाव्यात. कारण सराव बहुधा साध्या मजकुरावर होतो आणि उमेदवार अडखळतात ते नेमके या जागी. परीक्षेत जी कळफलक मांडणी मिळणार आहे, तीच पहिल्या दिवसापासून हाती घ्यावी. ढोबळ वेग, निव्वळ वेग आणि चुकांची संख्या हे तिन्ही आकडे वहीत वेगवेगळे लिहावेत आणि एका चाचणीऐवजी पाच-सहा चाचण्यांची सरासरी पाहावी. कोणत्या बोटाच्या कोणत्या कळीवर चूक होते, याची नोंद ठेवणाऱ्याची प्रगती केवळ वेग मोजणाऱ्यापेक्षा लवकर होते. आवश्यक वेगापेक्षा पाच-सात शब्दांची शिल्लक हाताशी असलेली बरी. परीक्षा केंद्रातील अनोळखी कळफलक आणि मनावरचा ताण यांत तेवढे सहज खर्ची पडतात.

चुकीचे वजन

मोजमापाच्या कोणत्याही सूत्राला एक गोष्ट साधत नाही. सूत्राच्या लेखी सगळ्या चुका सारख्या असतात. व्यवहारात त्या तशा नसतात. स्वल्पविराम निसटला, तर फारसे बिघडत नाही. पण सात-बाराच्या उताऱ्यावर आडनावातील एक अनुस्वार हुकला, जन्मदाखल्यावर आकड्यांची अदलाबदल झाली किंवा आदेशातील रकमेत एक शून्य वाढले, तर ती एका ठोक्याची चूक दुरुस्त करून घेण्यासाठी सामान्य माणसाला प्रतिज्ञापत्रे, अर्ज आणि हेलपाटे यांचा फेरा पडतो. गुणपत्रिकेत तिची किंमत एक शब्द एवढीच असली, तरी त्या माणसाच्या दृष्टीने ती वर्षभराची यातायात असते.

म्हणून लिपिक-टंकलेखकाच्या खुर्चीवर बसू पाहणाऱ्याने मिनिटाला तीस-चाळीस शब्दांचा उंबरठा तर ओलांडावाच. पण उमटलेल्या मजकुरावर, विशेषतः नावे, तारखा आणि रकमा यांवर, पुन्हा एकदा नजर फिरविण्याची सवयही त्याच काळात अंगी बाणवावी. तिच्यासाठी वेगळे प्रमाणपत्र मिळत नाही. खिडकीबाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला मात्र तिचाच उपयोग अधिक होतो.